मृत्युपत्रावाचून



चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला, आणि ते क्षणभर गप्प झाले. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या ताऱ्यांवर होणार आहे, आणि मध्येच हा गृहस्थ मयताचे पासबुक हाती घेऊन उभा राहणार! मी त्यांना एवढेच म्हणालो की, १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे रानडे न्यायखात्यातलेच होते. त्यांना हा विषय अभद्र वाटला नसता. त्यावर त्यांनी पत्रिकेत माझे नाव घातले.

मोठ्या इस्टेटीचे काय होते याची मला काळजी नाही. तिला वकील मिळतात, हिशेबनीस मिळतात, वेळ आली तर वर्तमानपत्रेही मिळतात. मी बोलणार आहे ते दोन खणांचे घर, एकरभर जिरायत, दोन-तीन मुदत ठेवी आणि एक लोखंडी ट्रंक एवढ्या संसाराविषयी. अशा मिळकतीचा धनी जन्मभर एकच वाक्य म्हणत असतो : 'माझ्याजवळ आहे काय, मृत्युपत्र करायला?' वास्तविक मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाही. साधा कागद, करणाराची सही आणि सही पाहणारे दोन साक्षीदार एवढ्यावर ते पुरे होते. नोंदणीचीसुद्धा सक्ती नाही. पण ते होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा ते न झाल्यावर पुढे काय होते तेच आज पाहू.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय? मी वकील नव्हे. बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे 'मयत खातेदारांचे दावे' या टेबलावर काढली. नामनिर्देशन आहे का पाहावे, मृत्यूचा दाखला घ्यावा, ओळख पटवावी आणि नामनिर्देशिताच्या हाती पैसे देऊन मोकळे व्हावे, हा माझा नित्यक्रम. मोकळे व्हावे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बँक मोकळी होते. पैसे घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काय बसते हे मला टेबलाच्या अलीकडे बसून कधी दिसले नाही. ते दिसले माझे चुलते वारले तेव्हा.

चुलते प्राथमिक शिक्षक होते. आमचे गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, पावसाने वाळीत टाकलेल्या मुलखात. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. मीही गुरुजीच म्हणत असे. लग्न केले नाही. माझे वडील त्यांचे थोरले भाऊ, ते २००३ साली गेले. आजी-आजोबा त्याच्याही आधी गेलेले. गुरुजी गेले २०१६ च्या उन्हाळ्यात. त्यांच्यामागे राहिलो आम्ही दोघे : मी पुतण्या, आणि माझी आत्या, त्यांची पाठची बहीण, जी फलटणकडे दिलेली आणि पुष्कळ वर्षांपूर्वी विधवा झालेली. शेवटची चार वर्षे गुरुजींचे दुखणेखुपणे मी पाहिले. अग्नीही मीच दिला.

बाराव्याला भावकी जमली. ओसरीवर बसून सर्वांनी एकमुखाने निकाल दिला की, ज्याने केले तो वारस. इतका सोपा आणि न्याय्य निकाल कोणत्याही कोर्टात मिळाला नसता! मलाही तो पटला. आत्या आत चुलीपाशी होती. तिला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

मग ट्रंक उघडली. दोन ठेवींच्या पावत्या, दोन्हींवर नामनिर्देशन माझे. एका पतसंस्थेची ऐंशी हजारांची पावती, तिच्यावर कोणाचेच नाव नाही. सातबाऱ्याचा जुना उतारा, घरपट्टीच्या पावत्या, नमुना ८ चा उतारा आणि एक वही. वहीत गावातल्या कोणाला किती उसने दिले ते, आणि कोणाकडून किती घेतले तेही, शाळामास्तराच्या वळणदार अक्षरात. अशी वही घरात सापडली तर ती जपून ठेवावी. तोंडी देणे-घेणे मयताबरोबर चितेवर जाते, आणि येणेकरी तेवढे परत येतात.

येथे दोन सूचना टेबलाच्या अनुभवातून करतो. मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत द्यायची असते, ती द्यावीच. आणि दाखल्याच्या प्रती हावरटपणाने घ्याव्यात, कारण जो तो एक ठेवून घेतो. दुसरे, मयताचे एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा घरातल्या पोरांना ठाऊक असतो, म्हणून तेराव्याच्या खर्चाला पैसे काढून आणतात. हेतू वाईट नसतो. पण खातेदार गेला त्या क्षणी त्याच्या खात्यावर कोणाचाही हात चालण्याचा अधिकार संपतो, आणि पुढे वारसांत भांडण लागले की हीच रक्कम पहिल्यांदा फळ्यावर लिहिली जाते. पेन्शनचेही तसेच. आम्ही कळवायला उशीर केला, दोन महिन्यांचे पेन्शन जमा झाले, आणि ते मुकाट्याने परत करावे लागले.

आणखी एक अडचण आपल्याकडे घरोघरी असते, ती नावाची. माणूस सातबाऱ्यावर रामा असतो, शाळेच्या दाखल्यात रामचंद्र आणि बँकेत नुसती आद्याक्षरे. जिवंतपणी या तिघांचे उत्तम जमते. मेल्यावर मात्र हे तिघे एकच होते असे प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागते. ज्यांना मृत्युपत्र करणे जड वाटते त्यांनी निदान आपली नावे तरी जिवंतपणी एक करून घ्यावीत.

असो. बँकेतल्या दोन ठेवींचे तीन लाख चाळीस हजार रुपये मला महिन्याच्या आत मिळाले. मी ते माझ्या खात्यात ठेवले. पतसंस्थेने वारसा प्रमाणपत्र मागितले, म्हणून तालुक्याच्या गावी एका वृद्ध वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि विचारले, 'तुम्ही कोण?'

मी म्हटले, 'पुतण्या. वारस.'

ते म्हणाले, 'पुतण्या खरे. वारस नव्हे.'

मंडळी, तीस वर्षे मी लोकांना वारसाचे अर्ज भरून देत आलो होतो, आणि हे वाक्य मला प्रथमच ऐकायला मिळाले.

हिंदू उत्तराधिकाराचा कायदा १९५६ सालचा. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला तर त्याची मिळकत प्रथम पहिल्या वर्गातल्या वारसांकडे जाते : मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई आणि आधीच वारलेल्या मुलामुलींच्या शाखा. यांत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांना प्रत्येकी सारखा वाटा. पुष्कळांना वाटते की बाप गेला म्हणजे सगळे आईचे, तसे नाही. आणि गंमत पाहा, आई पहिल्या वर्गात आहे, बाप नाही. त्याला दुसऱ्या वर्गाच्या रांगेत उभे केले आहे. पहिल्या वर्गातले कोणीच नसेल तर दुसरा वर्ग. पण या दुसऱ्या वर्गात पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर एक जरी माणूस जिवंत असला तरी खालच्या पायरीला काही मिळत नाही. पहिल्या पायरीवर बाप. दुसऱ्या पायरीवर, इतर काहींबरोबर, भाऊ आणि बहीण, दोघांचा हक्क सारखा. पुतण्या, पुतणी, भाचा, भाची हे थेट चौथ्या पायरीवर. माझे वडील हयात असते तर त्यांना आणि आत्याला अर्धे अर्धे मिळाले असते. वडील आधी गेले, आणि त्यांच्याबरोबर आमच्या शाखेचा हक्कही गेला. घर, जमीन, ठेवी, सर्व एकट्या आत्याचे.

मी म्हटले, 'अहो, पण नामनिर्देशन माझे आहे!' वकिलांनी फार शांतपणे सांगितले ते मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगतो, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांचा तोच समज असेल. नामनिर्देशित म्हणजे पैसे घेणारा हात, मालक नव्हे. त्याने ते वारसांसाठी घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच हे सांगितले, बँकेच्या ठेवींबाबत २०१० साली, आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. विम्यात मात्र २०१५ साली कायदा बदलला : आईबाप, नवरा-बायको किंवा मुले यांच्यापैकी कोणाचे नाव विमेदाराने घातले असेल तर ती रक्कम त्यांचीच होते. पुतण्याचे नाव त्या यादीत तेथेही नाही, हे मी लगेच पाहून घेतले! शहरातल्या फ्लॅटचीही गत वेगळी नाही. सहकारी गृहसंस्था नामनिर्देशिताला हंगामी सभासद करून घेते. खरे वारस ठरेपर्यंत. 'हंगामी' हा शब्द मोठा बोलका आहे. पाटबंधारे खात्यातल्या मजुरापासून सगळ्यांना तो कळतो, फक्त नामनिर्देशिताला कळत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे देता येतात. ती सोय चांगली आहे, पण हात चार झाले म्हणून मालक चार झाले असे नव्हे.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात त्या रात्री भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. 'औषधाची बिलं कोणी भरली?' हा प्रश्न आला, आणि तो गैर नव्हता. कायद्यालाही तो प्रश्न सुचलेला आहे. अंत्यविधीचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारातला औषधपाण्याचा खर्च, मग कर्ज, आणि उरेल ते वारसांचे, असा क्रम आहे. मी बिले काढली. बासष्ट हजार भरत होते. वहीतल्या तीन देणेकऱ्यांचे मिळून नऊ हजार. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विकास सोसायटीचा पंचेचाळीस हजारांचा बोजा. येथे एक भीती घालवून टाकतो. मयताचे कर्ज वारसाने आपल्या खिशातून फेडायचे नसते; त्याच्याकडून जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या जुन्या तत्त्वावर मुलाला कोर्टात ओढण्याची सोय होती. तीही, सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरती, संपली आहे. तेव्हा तेराव्यालाच दारात येऊन बसणाऱ्या सावकाराला हात जोडावेत, कागद मागावा आणि चहा द्यावा. सही देऊ नये.

हिशेब करून मी फलटणला गेलो. हिशेबाचा कागद आत्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हंजी भावकी म्हनत हुती ते खोटं?' मी म्हटले, 'खोटं.' माझ्याबरोबर भावकीतले एक वडीलधारे आले होते. ते म्हणाले, 'आत्याबाई, तुम्हांला काय करायचंय या वयात? पुतण्याला हक्कसोड लिहून द्या, साडीचोळी घ्या, माहेर राहील.' तेव्हा ती जे बोलली ते मला आजही ऐकू येते : 'एकडाव केली की सही. आता न्हाय.'

त्या एका सहीची हकीकत मला ठाऊकच नव्हती. आजोबा १९७१ साली वारले. १९५६ चा कायदा होऊन पंधरा वर्षे झाली होती. आजोबांच्या हिश्श्यात मुलीचा, लहान का होईना, वाटा होता. आत्याला तालुक्याला नेले, एका कागदावर सही घेतली, येताना बाजारात साडी घेतली. घेणारे कोण? माझे वडील आणि गुरुजी. दोघेही सज्जन. गुरुजी तर मुलींनी शिकावे म्हणून घरोघर फिरलेले! पण बहिणीच्या सहीचा कागद त्यांना कधी खटकला नाही. पुढे गुरुजींनी स्वतःच्या पगारातून एकर घेतला. घराचे दोन खण मात्र त्याच वाटणीतले.

हक्कसोड वाईट असते असे मी म्हणत नाही. जाणून-बुजून, स्वखुषीने बहिणीने भावाला वाटा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. जमीन किंवा घर असेल तर असा दस्त नोंदवावाच लागतो. साध्या कागदावरच्या सहीला तेथे किंमत नाही. माझे म्हणणे वेळेविषयी आहे. सुतकात, बारा-तेरा दिवसांच्या आत, सगळ्या भावकीसमोर, माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून केलेल्या सहीला मी तरी स्वखुषी म्हणणार नाही. आणि यापेक्षाही वाईट प्रकार दुसरा आहे. वारसनोंदीच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र द्यायचे त्यात बहिणीचे नाव लिहायचेच नाही! 'ती काय मागायला येणार आहे?' म्हणून. हे खोटे प्रतिज्ञापत्र आहे. दहा वर्षांनी जमीन विकायला निघाल्यावर, किंवा रस्त्याला जमीन जाऊन मोबदला आल्यावर ते उघडे पडते, आणि तेव्हा बहिणीशी नव्हे, भाच्यांशी गाठ असते.

सातबाऱ्याची रीत थोडक्यात सांगतो. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. वारसांची नोंद नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पण ही नोंद महसुलासाठी असते. तिच्याने मालकी निर्माण होत नाही आणि कोणाची जातही नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीने निराश होऊ नये, आणि आहे म्हणून भावाने निर्धास्त राहू नये. आपल्याकडे दोन-दोन पिढ्या ही वर्दीच दिली जात नाही. शेवटी एप्रिल २०२५ पासून सरकारला राज्यभर मोहीम काढावी लागली, मयत खातेदारांची नावे जाऊन वारसांची लागावीत म्हणून. तिचे नाव 'जिवंत सातबारा'. नाव ठेवणाऱ्याला मराठी येत होते यात शंका नाही.

कोर्टाच्या कागदांची मात्र गल्लत होते, म्हणून सांगतो. ठेवी, शेअर्स, येणे रक्कम यांच्यासाठी वारसा प्रमाणपत्र. ते १९२५ च्या कायद्याखाली मिळते. घर-जमिनीला ते चालत नाही. त्यासाठी वारस दाखला, आणि तो ज्या कायद्याखाली मिळतो तो १८२७ सालचा आठवा रेग्युलेशन, एल्फिन्स्टनच्या आमदानीतला! पेशवाई जाऊन नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा. कोर्ट जाहीरनामा काढते, महिनाभर हरकतींची वाट पाहते आणि मग दाखला देते. त्या रेग्युलेशनमध्येच असे म्हटले आहे की, या दाखल्याने मिळकतीवर हक्क उत्पन्न होत नाही. तूर्त कायदेशीर वहिवाट कोणाची एवढेच तो दाखवतो. दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज जे सांगून गेला ते आमच्या भावकीला अजून उमगलेले नाही.

रक्कम थोडी असेल आणि वारसांत तंटा नसेल, तर बँकेच्या ठेवींसाठी कोर्टात जाण्याचे कारण बहुधा पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश काढले, त्यांत नामनिर्देशन नसलेल्या खात्यांवर सहकारी बँकांत निदान पाच लाख आणि इतर बँकांत निदान पंधरा लाखांपर्यंत हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत आणि असे थोडके कागद घेऊन पैसे द्यावेत असे सांगितले आहे. कागद पुरे झाल्यापासून पंधरा दिवसांत. काउंटरवरून परत पाठवले तर हा आधार सांगावा. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. आमच्या ऐंशी हजारांसाठी अर्ज आत्याच्या नावे केला, वर्तमानपत्रात नोटीस दिली, चार तारखा झाल्या आणि अकरा महिने गेले. आत्या प्रत्येक तारखेला एस.टी.ने आली. एकदाही तिने 'राहू दे' म्हटले नाही.

हे सर्व मी हिंदूंच्या कायद्याविषयी बोललो. मुसलमान बांधवांचे वाटे त्यांच्या शरियतीप्रमाणे, ख्रिस्ती व पारशी बांधवांचे १९२५ च्या कायद्यातल्या त्यांच्या-त्यांच्या प्रकरणांप्रमाणे; आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनची निराळी व्यवस्था आहे, जिथे नवरा-बायकोच्या मिळकतीत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा धरून मगच वारसांची यादी होते. बाईच्या मागे कोण, याचे नियम पुरुषाहून वेगळे आहेत, आणि मूलबाळ व नवरा नसलेल्या बाईच्या स्वकष्टाच्या पैशावर तिच्या आईबापांच्या आधी सासरच्यांचा हक्क लागतो, हे ऐकून पुष्कळ भगिनी चमकतील. ज्यांना चमकायचे नसेल त्यांच्यासाठी तो साधा कागद आणि दोन साक्षीदार आहेतच.

बोजा फेडला, देणी दिली, माझी बासष्ट हजारांची बिले आत्याने स्वतः मोजून वळती केली, एक पैसा वर दिला नाही आणि एक पैसा कमी केला नाही. उरलेले सगळे तिने घेतले. तुम्हांपैकी काहींना वाटले असेल की, शेवटी तिने प्रेमाने जमीन माझ्या नावावर केली असेल. तसे झाले नाही. एकराचा सातबारा तिच्या नावावर आहे. मी तो वाट्याने करतो आणि ज्वारीचे तिचे पोते दर साली फलटणला पोचवतो. घराच्या भिंतीपलीकडचे दोन खणही तिचेच. उन्हाळ्यात ती पंधरा दिवस येऊन त्यात राहते. कुलूप स्वतः उघडते. किल्ली माझ्याकडे ठेव म्हटले तर ठेवत नाही. आमच्या घरातला भांड्यांचा आवाज केव्हाच शांत झाला आहे.

गेल्या वर्षी मी तिला म्हटले, 'आत्या, तू तरी आता लिहून ठेव.' तिला एक मुलगा आणि दोन मुली. तिने विचारले, 'न्हाय लिवलं तर कुनाला जातं?' मी म्हटले, 'तिघांना सारखं.' ती म्हणाली, 'मग कशापायी लिवू?' मला तिचे उत्तर खोडता आले नाही. एवढेच म्हटले की, निदान ठेवीची पावती कुठे आहे ते तिघांना सांगून ठेव. तिने ती सांगितली आहे असे तिच्या धाकट्या मुलीकडून कळते.

 काही प्रश्न असतील तर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूस थोडा वेळ बसेन.